चार्ल्स हेन्री डाऊ : बाजाराला आरसा दाखविणारा पत्रकार

व्यापारात भांडवलाला जेवढे मोल असते, तेवढेच, किंबहुना त्याहून अधिक मोल खऱ्या माहितीला असते. मालाचा खरा भाव, समोरच्या पेढीची खरी पत आणि बाजाराची खरी चाल ज्याला वेळेवर कळते, तो तरतो. ज्याच्या कानापर्यंत केवळ वावड्या पोहोचतात, तो कष्टाळू असूनही बुडतो. ही माहिती मूठभर बड्या धनिकांच्या मुठीतून सोडवून सर्वसामान्य गुंतवणूकदाराच्या हाती देण्याचे कार्य ज्या पुरुषाने आयुष्यभर निष्ठेने केले, त्याचे नाव चार्ल्स हेन्री डाऊ.

शेअर बाजाराशी ज्यांचा थोडाफार संबंध आहे, त्यांच्या कानावर ‘डाऊ जोन्स’ हे शब्द रोज सकाळी पडतात. काल रात्री अमेरिकेत डाऊ जोन्स किती चढला वा उतरला, यावर आपल्याकडील दलालांचे अंदाज बांधले जातात. अनेकांना हे एकाच गृहस्थाचे नाव वाटते. वास्तविक ती डाऊ आणि जोन्स अशा दोन भागीदारांची आडनावे आहेत. त्यांपैकी डाऊ हे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले, फारसे शालेय शिक्षण न झालेले, बातमीदार म्हणून उमेदवारी करून पुढे प्रकाशन संस्थेचे संस्थापक व संपादक झालेले गृहस्थ होते. त्यांना जेमतेम एक्कावन्न वर्षांचे आयुष्य लाभले. तेवढ्या अवधीत त्यांनी उभारलेली दोन कामे, एक वृत्तपत्र आणि एक निर्देशांक, शतकाहून अधिक काळ टिकून राहिली आहेत.

बालपण आणि उमेदवारी

चार्ल्स डाऊ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८५१ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील स्टर्लिंग या लहानशा गावी झाला. हा सारा प्रदेश डोंगराळ. चार्ल्स सहा वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले. पितृहीन मुलाच्या वाट्याला जे येते तेच त्यांच्याही वाट्याला आले. शिक्षण बेताचे झाले आणि हाताला मिळेल ते काम करावे लागले. तथापि शेतीत त्यांचे मन रमले नाही. त्यांची ओढ लिहिण्याकडे होती.

१८७२ साली, विशी ओलांडत असताना, शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘स्प्रिंगफिल्ड डेली रिपब्लिकन’ या पत्रात त्यांना बातमीदाराची जागा मिळाली. या पत्राचे संपादक सॅम्युएल बोल्स हे त्या काळातील अमेरिकेतील नामांकित संपादक होते. मजकूर नेमका असावा, त्यात पाल्हाळ नसावा आणि तपशील पारखून घेतलेला असावा, हा त्यांचा कटाक्ष असे. अशा गुरूच्या हाताखाली डाऊ यांनी तीन वर्षे घालविली. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या या तरुणाचे खरे विद्यापीठ हेच होय.

१८७५ साली ते ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स या शहरी आले. तेथे काही काळ दुसऱ्या वृत्तपत्रात काम केल्यानंतर १८७७ मध्ये ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ या प्रतिष्ठित पत्रात त्यांचा प्रवेश झाला. येथील संपादक जॉर्ज डॅनिएल्सन त्यांना घेण्यास आरंभी फारसे उत्सुक नव्हते. परंतु हा तरुण तीन वर्षे बोल्स यांच्याकडे टिकला आहे असे कळताच त्यांचे मत पालटले. उमेदवारी कोणाकडे केली यावरून माणसाची पारख करण्याची रीत आपल्या बाजारपेठेप्रमाणे तेथेही होती, असे म्हणावयास हरकत नाही.

डाऊ यांचा पिंड येथे स्पष्ट झाला. त्यांना इतिहासाची आणि आकड्यांची आवड होती. न्यूयॉर्क आणि प्रॉव्हिडन्स यांच्या दरम्यानच्या आगबोटींच्या वाहतुकीचा इतिहास त्यांनी लिहिला. न्यूपोर्ट या किनाऱ्यावरील शहरावरही त्यांनी लेखन केले. एखादा धंदा कसा उभा राहिला, त्यात कोणी किती पैसा घातला, कोठे नफा झाला आणि कोठे भांडवल बुडाले, याचा माग काढणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. साधा बातमीदार आज काय झाले ते सांगतो. डाऊ ते का झाले याचा शोध घेत.

लेडव्हिलची सफर

त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी घटना १८७९ साली घडली. कोलोराडो राज्यातील लेडव्हिल येथे चांदीच्या खाणी सापडल्याने साऱ्या देशात एकच खळबळ उडाली होती. या खाणींची पाहणी करण्यासाठी पूर्वेकडील काही धनिक व बँकर रेल्वेने निघाले. वृत्तांत पाठविण्यासाठी ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ने डाऊ यांना त्यांच्यासोबत धाडले. कित्येक दिवसांच्या त्या प्रवासात लक्षावधी डॉलरची उलाढाल करणाऱ्या लोकांचा सहवास त्यांना घडला. हे लोक कोणत्या माहितीवर पैसा लावतात, कोणती माहिती झाकून ठेवतात आणि एकमेकांना कसे जोखतात, हे त्यांनी जवळून पाहिले.

लेडव्हिलहून त्यांनी पाठविलेल्या पत्रांत खाणींचे वर्णन आहे, तसेच त्या रातोरात वाढलेल्या गावातील जुगार, दारू आणि हव्यास यांचेही चित्र आहे. चांदीने श्रीमंत झालेले थोडे आणि तिच्या मागे धावून कंगाल झालेले पुष्कळ, हे दृश्य त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. आणखी एक गोष्ट त्यांना उमगली. धनिकांना माहिती हवी असते आणि तिच्यासाठी ते पैसेही मोजतात. सामान्य गुंतवणूकदाराला मात्र ती मोल देऊनही मिळत नाही. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, त्यांनी न्यूयॉर्कची वाट धरली.

वॉल स्ट्रीटवरील तीन भागीदार

त्या काळचे वॉल स्ट्रीट म्हणजे अफवांचे आगर होते. कंपन्यांनी आपले हिशेब भागधारकांपुढे मांडावेत असा कायद्याचा दंडक नव्हता. बऱ्याच कंपन्या ताळेबंद प्रसिद्धच करीत नसत, आणि ज्या करीत त्यांचे आकडे कितपत खरे याची खात्री नसे. संचालक मंडळी आतली खबर राखून स्वतःच्या समभागांत तेजी-मंदी खेळत. अनेक बातमीदारही या खेळात सामील असत. कंपनीची स्तुती छापावयाची आणि त्या मोबदल्यात फुकट समभाग वा आतली खबर पदरात पाडून घ्यावयाची, हा सर्रास व्यवहार होता.

मुंबईकरांनाही हे दुःख अपरिचित नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्यातून मुंबईत समभागांचे वेड पसरले आणि १८६५ साली युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. नामवंत जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मातब्बरांनाही त्याची झळ बसली. ज्या बाजारात मालाचे खरे मोल कोणालाच ठाऊक नसते, तेथे भाव हा केवळ आशा आणि भीती यांच्या झोक्यावर हेलकावत राहतो.

न्यूयॉर्कमध्ये डाऊ हे किर्नन यांच्या वृत्तसंस्थेत रुजू झाले. ही संस्था बँका व दलाल पेढ्यांना आर्थिक बातम्या पुरवीत असे. त्यांनी प्रॉव्हिडन्समधील आपले परिचित एडवर्ड जोन्स यांनाही तेथे बोलावून घेतले. जोन्स यांनी ब्राउन विद्यापीठातील शिक्षण अर्ध्यावर सोडले होते. परंतु कोणत्याही कंपनीचा ताळेबंद हाती पडताच त्यातील मेख क्षणात हेरण्याचे त्यांचे कसब अलौकिक होते. तिसरे सहकारी चार्ल्स बर्गस्ट्रेसर. माणसांना बोलते करण्यात ते तरबेज असून थोडीफार बचतही त्यांच्या गाठी होती.

तिघांचे स्वभाव भिन्न होते. डाऊ उंच, काळ्या दाढीचे, किंचित वाकून चालणारे, धीमे आणि मितभाषी. पाहणाऱ्याला ते एखाद्या महाविद्यालयाचे प्राध्यापक वाटत. जोन्स चपळ, तापट आणि मनमिळाऊ. बर्गस्ट्रेसर चिवट व उद्यमी. नोव्हेंबर १८८२ मध्ये या तिघांनी नोकरी सोडून ‘डाऊ, जोन्स आणि कंपनी’ स्थापन केली. बर्गस्ट्रेसर यांचे आडनाव पाटीवर घालण्यास फारच लांबलचक असल्याने ते गाळण्यात आले असे सांगतात. भांडवल पुरवूनही ज्याचे नाव पाटीवर आले नाही, असा हा भागीदार. पण त्यावरून भागीदारीत बेबनाव झाला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तळघरातील पेढी

कंपनीचे पहिले कार्यालय म्हणजे १५, वॉल स्ट्रीट येथील तळघरातील खोली. शेअर बाजार येथून हाकेच्या अंतरावर. दिवसभर तिन्ही भागीदार बँका, दलाल पेढ्या आणि कंपन्यांच्या कचेऱ्या पालथ्या घालीत. मिळालेली बातमी पडताळून पाहावयाची, मोजक्या शब्दांत लिहावयाची आणि पातळ कागदांच्या थप्पीत कार्बन पेपर घालून, टोकदार लेखणीने दाब देऊन एका वेळी अनेक प्रती काढावयाच्या, अशी पद्धत होती. त्या प्रती घेऊन निरोपे पोरे धावत सुटत आणि वर्गणीदारांच्या पेढ्यांवर पोहोचवीत. दिवसातून अनेक वेळा ही फेरी होई. डाऊ बातमी टिपताना कधी कधी सदऱ्याच्या कडक कांजीच्या कफांवरच शीघ्रलिपीत टिपणे करीत, अशीही आठवण सांगितली जाते.

नोव्हेंबर १८८३ पासून दिवसभरातील बातम्यांचा गोषवारा देणारे दोन पानी छापील पत्रक निघू लागले. ‘कस्टमर्स आफ्टरनून लेटर’ हे त्याचे नाव. दुपारी बाजार आटोपला की हे पत्रक वर्गणीदारांच्या हाती पडे. ज्या कंपन्यांची स्थिती आजवर केवळ संचालकांनाच ठाऊक होती, त्यांचे आकडे या पत्रकातून साध्या दलालाला आणि त्याच्या गिऱ्हाइकालाही दिसू लागले. पत्रकाची मागणी वाढत गेली, निरोप्यांची संख्या वाढली आणि तळघरातील पेढीचा पसारा वाढला.

सरासरीचा जन्म

मे १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारावर मोठे अरिष्ट कोसळले. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट ज्या पेढीत भागीदार होते, ती पेढी त्यांचा सहकारी फर्डिनंड वॉर्ड याच्या लबाडीमुळे बुडाली आणि एके काळचा विजयी सेनापती कफल्लक झाला. खोट्या हिशेबाची किंमत केवढी असते, हे साऱ्या देशाने पाहिले. अशा दिवसांत सामान्य माणसापुढे एक साधा प्रश्न असे. बाजार एकंदरीत वर चालला आहे की खाली? शंभर समभागांचे शंभर भाव पाहून याचे उत्तर मिळत नाही. काही चढलेले असतात, काही उतरलेले असतात आणि प्रत्येक दलाल आपल्या सोयीचा भाव पुढे करतो.

डाऊ यांनी यावर काढलेला तोडगा शाळकरी मुलालाही समजेल असा होता. ३ जुलै १८८४ रोजी त्यांच्या पत्रकात ११ कंपन्यांच्या भावांची सरासरी प्रथम प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९ रेल्वे कंपन्या होत्या. उरलेल्या दोन म्हणजे पॅसिफिक मेल ही आगबोट कंपनी आणि वेस्टर्न युनियन ही तारायंत्राची कंपनी. त्या काळी मोठे भांडवल रेल्वेतच गुंतलेले असल्याने ही निवड स्वाभाविक होती.

पुढील बारा वर्षांत अमेरिकेचे रूप पालटले. कारखानदारी वाढली. तेव्हा २६ मे १८९६ रोजी डाऊ यांनी केवळ औद्योगिक कंपन्यांची स्वतंत्र सरासरी सुरू केली. तिच्यात १२ कंपन्या होत्या. सरकीचे तेल, साखर, तंबाखू, दिव्यांचा गॅस, वीज, शिसे, कोळसा व लोखंड, चामडे, रबर, मद्यनिर्मिती असे तत्कालीन उद्योग त्यांत आले होते. बाराही भावांची बेरीज करून तिला बाराने भागावयाचे, एवढेच गणित. पहिल्या दिवशी उत्तर आले ४०.९४. म्हणजे एकूण बेरीज सुमारे ४९१ डॉलर. त्याच वर्षी रेल्वे कंपन्यांसाठीही निराळी सरासरी देण्यास आरंभ झाला.

या पद्धतीत उणिवा होत्या. ज्या समभागाचा भाव मोठा, त्याचे वजन सरासरीत अधिक पडते, मग ती कंपनी लहान का असेना. समभागांचे विभाजन झाले की बेरीज एकाएकी घटते. म्हणून पुढील काळात भाजकात योग्य तो बदल करण्याची रीत आली. तथापि त्या वेळी गणक यंत्रे नव्हती. कागद-पेन्सिल घेऊन रोज हिशेब करावा लागे. शिवाय ज्या आकड्याची पडताळणी कोणताही वाचक घरबसल्या करू शकेल, त्यावरच लोकांचा विश्वास बसतो. डाऊ यांच्या सरासरीचे बळ तिच्या पारदर्शकतेत होते.

वृत्तपत्राची स्थापना

८ जुलै १८८९ रोजी दुपारच्या त्या पत्रकाचे रूपांतर ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकात झाले. पाने चार, किंमत दोन सेंट, वार्षिक वर्गणी पाच डॉलर. समभाग, रोखे आणि काही जिनसांच्या भावांतील चढ-उतारांमागील वृत्त पूर्णपणे व निःपक्षपातीपणे द्यावयाचे, मतांपेक्षा बातमीला प्राधान्य द्यावयाचे आणि जाहिरातदाराच्या दडपणाखाली यावयाचे नाही, हे या पत्राचे धोरण होते. बोस्टनपर्यंत स्वतःची तार, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, शिकागो यांच्याशी तारायंत्राने संपर्क आणि लंडनसह अनेक शहरांत वार्ताहर अशी यंत्रणा हळूहळू उभी राहिली. १८९७ मध्ये टिकर यंत्रावरून तत्काळ बातम्या पुरविण्याची सेवा सुरू झाली आणि १८९८ पासून पत्राची सकाळची आवृत्तीही निघू लागली. त्या वर्षी स्पेनशी युद्ध जुंपले असता इतर पत्रे भडक मजकुराने खप वाढवीत होती. डाऊ यांच्या पत्राने युद्धाची वार्ताही ताळेबंदासारखी संयमाने दिली.

आपल्या बातमीदारांना डाऊ वारंवार बजावीत की समभागांच्या लोभाने कोणाची भलामण लिहू नये. एखादी कंपनी नफा-तोट्याचे आकडे देण्यास टाळाटाळ करू लागली, तर तिचे नाव पत्रात छापले जाई. हे शस्त्र प्रभावी होते, पण ते वापरण्यास धैर्य लागते. कारण याच कंपन्या आणि त्यांचे दलाल हेच पत्राचे वर्गणीदार व जाहिरातदार होते. ज्या फांदीवर बसावयाचे, तिच्याशीच प्रसंगी कठोर व्हावयाचे, असा हा पेच होता. तात्पुरत्या नुकसानीपेक्षा वाचकाचा विश्वास हेच आपले खरे भांडवल आहे, हे डाऊ यांनी ओळखले होते.

या संदर्भात त्यांच्या चरित्रातील एक बाब दृष्टीआड करता येणार नाही. १८८५ ते १८९१ या काळात डाऊ हे स्वतः न्यूयॉर्क शेअर बाजाराचे सभासद होते. रॉबर्ट गुडबॉडी नामक आयरिश गृहस्थांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळालेले नसल्याने सभासद होता येत नव्हते. म्हणून डाऊ त्यांच्या दलाल पेढीत भागीदार झाले आणि सभासदत्व आपल्या नावे घेतले. गुडबॉडी पात्र होताच डाऊ त्या जागेवरून दूर झाले. आर्थिक पत्राच्या संपादकाने दलालीच्या पेढीत भागीदार असणे आजच्या कसोटीस उतरणारे नाही. त्या काळी मात्र त्यास कोणतीही आडकाठी नव्हती. त्या सहा वर्षांत बाजाराच्या आत सौदे प्रत्यक्ष कसे होतात याचे ज्ञान त्यांना मिळाले आणि पुढील लेखनास त्यामुळे अनुभवाचा पाया लाभला.

अग्रलेखांतून मार्गदर्शन

१८९९ साली जोन्स भागीदारीतून बाहेर पडले. त्याच सुमारास डाऊ यांनी आपल्या पत्रात अग्रलेखांची मालिका सुरू केली. १८९९ ते १९०२ या काळातील हे लेख म्हणजे त्यांच्या वीस वर्षांच्या निरीक्षणाचे सार होय.

बाजाराची हालचाल तीन प्रकारची असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पहिली मुख्य चाल, जी वर्षानुवर्षे टिकते. दुसरी काही आठवडे वा महिने चालणारी, मुख्य चालीच्या उलट दिशेची प्रतिक्रिया. तिसरी रोजची किरकोळ चढ-उतार. समुद्राची भरती-ओहोटी, तिच्यावरील लाटा आणि लाटांवरील तरंग असा दृष्टांत त्यांनी यासाठी योजला. किनाऱ्यावर खुंट्या रोवून पाणी कोठवर येते ते पाहत राहिले, तर भरती चालू आहे की ओहोटी लागली आहे हे कळते. बाजाराच्या बाबतीत त्यांची सरासरी हीच ती खुंटी होती. रोजच्या तरंगांनी भांबावून जाणाऱ्या लहान गुंतवणूकदाराला हा उपदेश फार मोलाचा होता.

औद्योगिक व रेल्वे अशा दोन सरासऱ्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात, हा विचारही याच लेखनातून विकसित झाला. कारखान्यात माल तयार झाला, पण तो रेल्वेने बाहेर गेला नाही, तर ती तेजी खरी नव्हे. गोदामात साठलेल्या गाठींवरून हंगाम चांगला गेला असे कोणताही जाणता व्यापारी म्हणणार नाही. गाठी बाहेर पडल्या पाहिजेत.

डाऊ यांचा मूळ आग्रह मात्र समभागाच्या अंगभूत मोलावर होता. कंपनी कमावते किती, लाभांश देते किती आणि तो देणे तिला पुढेही झेपेल काय, हे पाहून मगच खरेदी करावी. बाजार काही काळ भरकटेल, परंतु अखेरीस भाव मोलाकडेच वळेल, अशी त्यांची धारणा होती. ऐपतीपलीकडे सौदे करणाऱ्यांना त्यांनी सावध केले. तोटा लहान असतानाच तो पत्करून मोकळे व्हावे, असेही सांगितले. भविष्यवेत्त्याची भूमिका त्यांनी घेतली नाही. आपल्या विचारांना त्यांनी सिद्धान्त असेही म्हटले नाही. ‘डाऊ थिअरी’ हे नाव एस. ए. नेल्सन यांच्या पुस्तकामुळे रूढ झाले आणि डाऊ यांच्या पश्चात पत्राचे संपादक झालेले विल्यम पीटर हॅमिल्टन यांनी तिला सुसूत्र रूप दिले.

अखेरचे दिवस

डाऊ यांचा विवाह १८८१ साली लूसी रसेल यांच्याशी झाला होता. पत्नीला पूर्वीच्या विवाहापासून एक कन्या होती. घर आणि कचेरी यांपलीकडे फारसे जग नसलेल्या या माणसाची प्रकृती अखेरच्या वर्षांत खालावत गेली. १९०२ च्या आरंभी त्यांनी व बर्गस्ट्रेसर यांनी कंपनी बोस्टनचे वृत्तव्यावसायिक क्लॅरन्स बॅरन यांना विकली. किंमत ठरली १,३०,००० डॉलर. रेल्वे आणि पोलादाचे सम्राट कोटी-कोटींनी मोजत असलेल्या त्या काळात ही रक्कम फार मोठी नव्हती. ४ डिसेंबर १९०२ रोजी ब्रुकलिन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ज्या प्रॉव्हिडन्स शहरात त्यांची पत्रकारिता बहरली, तेथील दफनभूमीत त्यांचा देह विसावला.

पश्चात कीर्ती

डाऊ गेले, त्यांची सरासरी मात्र रोज मोजली जात राहिली. १९०६ मध्ये तिने शंभरी गाठली. १९१६ साली तिच्यातील कंपन्यांची संख्या २० झाली आणि १९२८ मध्ये ती ३० झाली. ३ सप्टेंबर १९२९ रोजी आकडा ३८१.१७ वर पोहोचला, तेव्हा आता कधीच मंदी येणार नाही असे शहाणे म्हणविणारेही बोलू लागले होते. महामंदीत तोच आकडा घसरत ८ जुलै १९३२ रोजी ४१.२२ वर आला. म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वी जेथून आरंभ झाला, जवळजवळ तेथेच परत. ओहोटी किती खोल जाऊ शकते, हे डाऊ यांच्याच खुंटीने जगाला दाखविले. त्यानंतर पुन्हा भरती आली. १९७२ मध्ये १,०००, १९९९ मध्ये १०,००० आणि २०२४ मध्ये ४०,००० हे टप्पे पार झाले. मूळच्या १२ कंपन्यांपैकी बहुतेकांची नावे काळाच्या ओघात पुसली गेली. सर्वांत शेवटपर्यंत टिकलेली जनरल इलेक्ट्रिक हीदेखील २०१८ साली यादीतून वगळण्यात आली.

‘वॉल स्ट्रीट जर्नल’ बॅरन यांच्या काळात भरभराटीस आले आणि जगातील अग्रगण्य आर्थिक दैनिक बनले. २००७ साली डाऊ जोन्स कंपनी न्यूज कॉर्पोरेशनच्या मालकीची झाली. मालक बदलले, यंत्रे बदलली, पण संस्थापकांची दोन नावे कायम राहिली.

आपल्या देशातही या कल्पनेची वेल फोफावली. मुंबई शेअर बाजाराचा ३० कंपन्यांचा ‘सेन्सेक्स’ १९८६ मध्ये सुरू झाला. त्यासाठी १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरण्यात आले. १९९६ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचा ‘निफ्टी’ आला. या निर्देशांकांची गणनापद्धती डाऊ यांच्यापेक्षा निराळी व अधिक शास्त्रशुद्ध आहे, कारण तेथे भावाऐवजी कंपनीचे बाजारमूल्य विचारात घेतले जाते. परंतु मोजक्या प्रमुख कंपन्यांवरून साऱ्या बाजाराची नाडी पाहावी, ही मूळ दृष्टी त्या तळघरातील पेढीतूनच आलेली आहे. कंपन्यांनी दर तिमाहीस आपले निकाल जाहीर करणे हा आज कायदेशीर नियम आहे. डाऊ यांच्या काळी त्यासाठी एका लहानशा पत्राला झगडावे लागत होते.

चार्ल्स डाऊ यांनी अफाट संपत्ती मिळविली नाही. बाजारातील आतल्या गोष्टी जाणणाऱ्या माणसाला ती मिळविणे त्या काळी मुळीच कठीण नव्हते. जे आपल्याला कळले ते दुसऱ्यांपासून लपवून स्वतःची तुंबडी भरावयाची, की चार पानांवर छापून दोन सेंटांत सर्वांच्या हाती द्यावयाचे, हा पर्याय त्यांच्यापुढे रोज उभा होता. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. ज्यांनी पहिला मार्ग धरला, अशा तत्कालीन कित्येक लक्षाधीशांची नावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. डाऊ यांचे नाव जगभरच्या पेढ्यांवर रोज उच्चारले जाते. चोख माप आणि उघडी वही यांवर उभी राहिलेली पत माणसाच्या मागेही किती काळ चालते, याचा हा दाखला व्यापारउदीमात पाऊल टाकणाऱ्या नव्या पिढीने जरूर ध्यानी घ्यावा.